निर्धार कुणाचा, निर्धारण कुणाचं?

बर्डीच्या मेन रोडवर एक बोर्ड लागलाय. दोन मजले उंच. टाय लावलेला एक पोरगा मूठ आवळून उभा, आणि त्याच्या डोक्यावर लिहिलंय – निर्धार असेल तर सारं शक्य आहे! खाली फोन नंबर. त्याच्याखाली, फी हप्त्यानं भरायची सोय. शिकवणी वर्गाचा बोर्ड. कोणत्या वर्गाचा, ते सोडा. बर्डीवर असे बोर्ड ढिगानं आहेत. एक उतरला की दुसरा चढतो.

त्या बोर्डाखाली आमच्या वस्तीतला एक पोरगा रोज संध्याकाळी उभा असतो. पाठीवर चौकोनी डबा, हातात मोबाईल. कुणाचं जेवण कुठं पोचवायचं, याची वाट पाहत. दोन वर्षांपूर्वी तो अशाच एका वर्गात बाकावर बसत होता. मार्क होते. इंजिनियरिंगला नंबरही लागला होता. मग काय झालं ते पुढं सांगतो. परवा मी त्याला सहज विचारलं, काय रे, हा बोर्ड वाचतोस का? तर म्हणाला, "वाचतो ना भाऊ. आपल्यात तेच कमी पडलं."

तेच कमी पडलं. म्हणजे निर्धार.

दोस्तांनो, हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलंय. पोरगं उपाशी राहिलं तर आपण भांडू शकतो. पोराला कुणी मारलं तर मोर्चा काढू शकतो. पण पोरगं जेव्हा स्वतःच म्हणतं की माझ्यातच कमी होतं, तेव्हा भांडायचं कुणाशी? म्हणून म्हटलं, हा शब्दच एकदा उलटापालटा करून पाहू. त्याच्या खिशात काय काय आहे ते रस्त्यावर ओतू.

बर्डीच्याच फुटपाथवरून एक जुनी इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली. डिटर्मिनेशन काढलं. बाप रे, एका शब्दाच्या पोटात किती माणसं! निर्धार. निश्चय. निर्णय. ठरवणं. मोजून-मापून पक्कं करणं, म्हणजे निर्धारण. आणि कायद्याच्या भाषेत, संपवणं. होय, संपवणं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा अजून चालू आहे. त्याच्या १११ व्या कलमाचा इंग्रजी मथळा पाहा. भाडेपट्टा कसकसा संपतो ते तिथं सांगितलंय, आणि त्या संपण्याला शब्द वापरलाय डिटर्मिनेशन. म्हणजे ज्या शब्दानं बर्डीचा पोरगा मूठ आवळतो, त्याच शब्दानं कोर्टात कुणाचं तरी घर खाली होतं.

आपल्या मराठीतही हेच आहे. निर्धार आणि निर्धारण एकाच आईची लेकरं. पण एक माणसाच्या छातीतून निघतं आणि दुसरं साहेबाच्या टेबलावरून. 'ठरवणं' घ्या. "मी ठरवलं" असं म्हटलं की त्यात एक माणूस उभा असतो. "ठरलेलं आहे" म्हटलं की माणूस गायब. कुणी ठरवलं? कधी ठरवलं? कुणाला विचारून? सारं गायब. फक्त ठरलेलं तेवढं शिल्लक.

आमच्या बापजाद्यांचं सगळं आयुष्य या "ठरलेलं आहे" मध्ये गेलं. पाणी कुठलं, ठरलेलं. मेलेलं ढोर कुणी ओढायचं, ठरलेलं. कुणाच्या दारात कुठवर यायचं, ठरलेलं. पोराचं नाव काय ठेवायचं, तेसुद्धा ठरलेलं. धोंड्या, कचऱ्या, दगड्या. आणि विचारलं की उत्तर तयार – देवानं ठरवलं, मागल्या जन्मानं ठरवलं. ज्यानं ठरवलं तो मात्र वाड्यात बसून पान खात होता.

आता या शब्दाची दुसरी गंमत पाहा. एकच गुण, पण जात पाहून त्याचं नाव बदलतं. तो अडून बसला तर निर्धार, आम्ही अडून बसलो तर हट्ट. त्याचा पोरगा चौथ्यांदा परीक्षेला बसला तर चिकाटी, आमचा बसला तर सवलतीचा फायदा. त्यांची बाई बोलली तर करारी, आमची बोलली तर तोंडाळ. त्यांचा म्हातारा आपल्या मतावर ठाम, आमचा म्हातारा माजलेला. 

हे मी मनानं सांगत नाही. १९३२ साल काढा. १६ ऑगस्टला मॅकडोनाल्डचा निवाडा आला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, विशेष जागा ७१. म्हणजे आपला प्रतिनिधी कोण, हे आपण ठरवायचं. २० सप्टेंबरला गांधींनी येरवड्यात आमरण उपोषण सुरू केलं. सगळा देश म्हणाला, काय हा निर्धार! आणि जो माणूस म्हणत होता की माझ्या लोकांचा प्रतिनिधी माझ्या लोकांना ठरवू द्या, त्याला काय म्हणाले? हट्टी म्हणाले. इंग्रजांचा हस्तक म्हणाले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. जागा ७१ च्या १४८ झाल्या हे खरं. पण त्या जागांवर शेवटी कुणी बसायचं, हे ठरवणारी मतं सगळ्यांची झाली. आकडा वाढला, ठरवण्याचा हक्क गेला. एका बाजूला निर्धार हा शब्द गेला आणि दुसऱ्या बाजूला हट्ट. मधे आपलं मत चिरडलं.

त्याच्याही आधीचं सांगतो. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९१८ मध्ये, अमेरिकेच्या विल्सननं आपले चौदा मुद्दे मांडले. त्या दिवसांत जगभर एका शब्दाचा बोलबाला झाला – स्वयंनिर्णय. इंग्रजीत तोच डिटर्मिनेशन, फक्त पुढं 'सेल्फ' जोडलेलं. प्रत्येक राष्ट्रानं आपलं आपण ठरवावं. आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी तो शब्द झेलला आणि होमरूलच्या सभा गाजवल्या. तेव्हा मुंबईच्या कॉलेजात शिकवणारा एक तरुण महार प्राध्यापक जानेवारी १९१९ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात लिहितो की स्वराज्य हा जितका ब्राह्मणाचा जन्मसिद्ध हक्क तितकाच महाराचा. त्याच महिन्यात साउथबरो कमिटीपुढं जाऊन साक्ष देतो. त्यानं स्वयंनिर्णय नाकारला नाही. त्यानं फक्त विचारलं, हा जो 'स्व' आहे, त्यात मी आहे का?

शंभर वर्षांवर झाली, हा प्रश्न तसाच आहे. बर्डीच्या व्हेरायटी चौकात वेगळ्या विदर्भासाठी घोषणा झाल्या, धरणी झाली. विदर्भाचं विदर्भानं ठरवावं. ठरवावं की! बाबासाहेबांनीच १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना महाराष्ट्राचे तुकडे सुचवले होते. पण त्याच पुस्तकात त्यांनी इशारा दिला होता की एका मोठ्या जातीच्या हातात राज्य गेलं की गावोगावच्या लहान जातींची धडगत नाही. म्हणून घोषणा देणाऱ्याला आपण विचारायचं, भाऊ, तुझ्या विदर्भात आमच्या वस्तीचं कोण ठरवणार?

आता त्या पोराची गोष्ट.

नंबर लागला. फीची सवलत पाहिजे तर जात पडताळणीचा दाखला पाहिजे. दाखल्यासाठी पुरावा पाहिजे. कोणत्या तारखेच्या आधीचा? १० ऑगस्ट १९५०. त्या दिवशी अनुसूचित जातींचा आदेश निघाला, म्हणून त्या आधीचा कागद. बापाच्या बाजूच्या कुणाचा तरी शाळेचा दाखला, ज्यावर जात लिहिली आहे. त्याची माय त्या खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "साहेब, माया सासरा शाळेतच नाई गेला. त्याले जाऊच नाई देलं. तं दाखला कुठून आनू?" खिडकीतून उत्तर आलं, मग सिद्ध कसं होणार?

नीट ऐका. ज्यांनी शाळेबाहेर ठेवलं, त्यांच्याच व्यवस्थेची खिडकी विचारते की शाळेचा दाखला कुठाय! कायदा २००० सालचा आहे, आणि त्यात लिहिलंय की सिद्ध करायचा भार अर्जदारावर. म्हणजे अस्पृश्य होतो हे अस्पृश्यानंच सिद्ध करायचं. तेही कागदानं. पाणवठ्यावरच्या शिव्यांची नक्कल मिळत नाही.

शेवटी सापडलं काय? गावाच्या कोतवाल बुकातली नोंद. पोराच्या पणज्याच्या मरणाची. अमुक तारखेस मयत, जात महार. जिवंतपणी त्याची कुठं नोंद नव्हती. मेला तेव्हा झाली. त्या मयताच्या नकलेवर नातवाच्या पोराचं शिक्षण टांगलेलं होतं. नक्कल मिळेपर्यंत सात महिने गेले. प्रवेशाची मुदत संपली. पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी बाप अंथरुणाला खिळला, आणि पोराच्या पाठीवर डबा चढला.

आता सांगा, यात निर्धार कुठं कमी पडला? पोरगा निर्धार करून अभ्यासाला बसला होता. अडवलं ते निर्धारणानं.

मी पडताळणीच्या विरोधात नाही, हेही इथंच सांगतो. खोट्या दाखल्यांवर आमच्या आणि आदिवासींच्या किती जागा गिळल्या गेल्या, ते आपण जाणतो. १९९४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पडताळणी समित्यांची जी पद्धत लावली, ती चोर पकडायला होती. पण चोर वकील लावून सुटतो, आणि ज्याची झडती घ्यायची गरजच नाही तो सात महिने खिडकीपाशी उभा राहतो.

याच्या मुळाशी आणखी एक निर्धारण आहे, ते मोठं आहे. १९५० च्या त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की हिंदू धर्माशिवाय दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले. आणि त्याच १९५६ मध्ये, १४ ऑक्टोबरला, आमच्या लोकांनी या नागपुरात काय केलं, ते जगाला माहीत आहे. मग दिल्लीनं ठरवलं – तुम्ही आता ते नाही. महाराष्ट्रानं १९६० मध्ये आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रानं? १९९० साल उजाडावं लागलं. चौतीस वर्षं. एक अख्खी पिढी बुद्धासमोर बौद्ध आणि फॉर्मसमोर हिंदू. जनगणनेला माणूस आला की आजा विचार करायचा, काय सांगू? धर्म सांगू की पोराची नोकरी सांगू? आमच्या निर्धाराची तारीख १४ ऑक्टोबर १९५६. त्यांच्या निर्धारणाची तारीख १० ऑगस्ट १९५०. या दोन तारखांच्या मधल्या सहा वर्षांच्या भेगेत आमची पोरं आजही पाय अडकून पडतात.

आणि आता त्या १४ ऑक्टोबरबद्दल बोलू. कारण निर्धार म्हणजे काय ते बर्डीचा बोर्ड शिकवणार नाही, पण बर्डी शिकवू शकते.

दीक्षेचा सोहळा ज्यांनी उभा केला त्या भारतीय बौद्धजन समितीच्या नागपूर शाखेचं कार्यालय याच बर्डीवर, कोठारी मेन्शनमध्ये होतं. वामनराव गोडबोले तिथून काम पाहत. बाबासाहेब उतरले तेही याच बर्डीवर, श्याम हॉटेलात. १३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तिथंच ते पत्रकारांशी बोलले. आज त्या रस्त्यावरून जाताना कुणी मान वर करून पाहत नाही. मोबाईलची कव्हरं पाहतात. पासष्ट वर्षांचा, साखरेच्या आजारानं पोखरलेला, काठी आणि माणसाचा आधार घेऊन चालणारा माणूस त्या जिन्यावरून उतरला आणि दुसऱ्या दिवशी लाखो माणसांसमोर त्यानं कुशीनाराच्या भन्ते चंद्रमणींकडून दीक्षा घेतली. मग स्वतःच आपल्या लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या.

पण हा निर्धार कधीचा? येवल्याचा, १३ ऑक्टोबर १९३५ चा. हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यांनी तिथं सांगितलं. एकवीस वर्षं, दोस्तांनो! एकवीस वर्षं तो माणूस काय मूठ आवळून फोटोला उभा होता? मे १९३६ मध्ये मुंबईला महार परिषद घेऊन आपल्याच लोकांपुढं त्यानं प्रश्न मांडला, की जायचं तर कोणत्या वाटेनं. धर्म तपासले. ग्रंथ फोडून पाहिले. १९५० मध्ये सिलोनला गेले, १९५४ मध्ये रंगूनला. १९५५ मध्ये बौद्ध महासभा काढली. म्हणजे निर्धार आधी झाला आणि निर्णय एकवीस वर्षं शिजला. 'ठरवणं' या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मनाचा पक्केपणा, आणि पाहून, तोलून, चौकशी करून निकालाला येणं. बर्डीच्या बोर्डनं त्यातला पहिला उचलला आणि दुसरा कचऱ्यात टाकला. कारण विचार करणाऱ्या पोराला हप्त्यानं फी विकता येत नाही. तो विचारतो.

धम्मात या गोष्टीला जुनं नाव आहे. दहा पारमितांमध्ये एक अधिष्ठान. अधिष्ठान म्हणजे जिथं पाय रोवला ती जागा, तो निश्चय. पण ती एकटी नाही. तिच्या आजूबाजूला प्रज्ञा आहे, वीर्य आहे, सत्य आहे, मैत्री आहे. नुसतं अधिष्ठान म्हणजे खुंटा. प्रज्ञेशिवायचा निश्चय हिटलरजवळही होता.

आणि बुद्धाच्या काळातही या शब्दावरून भांडण होतं, हे विसरू नका. मक्खली गोशाल म्हणायचा, सारं नियतीनं ठरलेलं. सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसा शहाणा काय आणि मूर्ख काय, ठरलेले फेरे घेऊनच सुटतो. तुझ्या करण्यानं काही होत नाही. बुद्धानं हे मत साफ धुडकावलं. माणसाच्या करण्यानं होतं, म्हणाला. आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये पुढचं पाऊल टाकलं. आजची गरिबी मागल्या जन्माच्या पापाची, हा कर्माचा अर्थ त्यांनी उपटून फेकला. म्हणजे "ठरलेलं आहे" ला बुद्धानं लाथ मारली आणि बाबासाहेबांनी त्याचं दार लावून घेतलं.

पण ते मागच्या खिडकीतून आत आलंय. बर्डीचा बोर्ड काय म्हणतो? निर्धार असेल तर सारं शक्य. उलटं वाचा – शक्य झालं नाही, म्हणजे निर्धार नव्हता. जुना भट म्हणायचा, तुझं मागल्या जन्माचं पाप. नवा भट म्हणतो, तुझ्या जिद्दीची कमी. दोघांचं काम एकच. बोट तुझ्याकडे, वाडा शाबूत.

म्हणून पेपरात "परिस्थितीवर मात करून जिद्दीनं यश" असा मथळा आला, झोपडीतल्या पोराचा पेढा खातानाचा फोटो आला, की मला त्या पोराचा आनंद होतो आणि त्या मथळ्याचा राग येतो. परिस्थिती! जशी काही ती पावसासारखी आभाळातून पडली. परिस्थिती कुणी केली, हे कोणता पेपर लिहितो? एक पोरगं गटारावरून उडी मारून पलीकडे गेलं, तर त्याच्या उडीचं कौतुक. गटार का आहे, विचारायचं नाही. आणि जी दहा पोरं पडली त्यांचे फोटो नाहीत.

गटाराचं म्हणाल तर तिथंही एक निर्धारण झालेलं आहे. गटारात उतरून मेलेल्या माणसाची भरपाई २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं १० लाख ठरवली. २०२३ मध्ये ३० लाख केली. कोर्टानं केलं ते बरंच केलं, घरच्यांना काही तरी मिळेल. पण हातानं मैला साफ करायला लावणं बंद करणारा कायदा २०१३ चा आहे. माणूस खाली उतरणारच नाही, हे ठरवायला काय लागतं? तिथं कुणाचा निर्धार कमी पडतोय? त्यावर कुणी बोर्ड लावत नाही.

'ठराव' हाही याच घरातला शब्द. त्याच्याही दोन जाती आहेत.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. ठरलं. मग मराठवाड्यात आमची घरं जळली, माणसं मेली. ११ नोव्हेंबर १९७९ ला इथून, दीक्षाभूमीवरून, लाँग मार्च निघाला, जोगेंद्र कवाडे सरांबरोबर. पोरं, बाया, म्हातारे तेव्हाच्या औरंगाबादेकडे पायी निघाले. लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही 'मराठवाडा' शेपटाला ठेवून. नामांतर म्हणत गेलो, नामविस्तार घेऊन आलो. कागदावरच्या ठरावाला रस्त्यावर उतरायला साडेपंधरा वर्षं लागली. त्या ठरावात निर्धार सरकारचा नव्हता. तो चालणाऱ्यांच्या पायांत होता.

आता दुसरा ठराव. २० जुलै १९४२. जागा हेच नागपूर. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन ज्या परिषदेत जन्मलं, तिच्याच मांडवात दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया. १९४२ मध्ये! गिरणीतल्या, विडी वळणाऱ्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या. त्यांनी काय ठराव केले ते एकदा वाचा. नवऱ्यापासून काडीमोड घ्यायचा कायदेशीर हक्क पाहिजे. एका नवऱ्याला अनेक बायका, ही चाल कायद्यानं बंद पाहिजे. गिरणी आणि विडीतल्या कामगार बायांना भरपगारी रजा पाहिजे. हिंदू कोड बिलाचा गोंधळ व्हायच्या आधीची ही गोष्ट. त्या बायांना कुणी "निर्धार करा" म्हणून शिकवणी लावली नव्हती. त्यांनी आपलं दुखणं आपण मोजलं, आपण मांडलं, आपण ठरवलं.

आणि त्यांच्याही आधीची जाईबाई चौधरी. हमाली करत शिकलेली बाई. १९२२ मध्ये नागपुरात चोखामेळा कन्याशाळा काढली. १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन इथं भरलं तेव्हा त्या सुशिक्षित बायांनी तिला जेवायला वेगळं बसवलं. जाईबाई गप्प घरी गेल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला दलित बायांची निषेध सभा झाली. आजच्या पेपरानं लिहिलं असतं, जाईबाईंची जिद्दीची कहाणी. शाळा सांगितली असती, आणि वेगळी पंगत गाळली असती.

इथवर दुसऱ्यांना शिव्या देऊन झाल्या. आता आपल्याकडे वळू. नाहीतर हा लेख म्हणजे टाळ्यांचं भाषण होईल.

आपल्यातही एक रोग आहे. त्याचं नाव 'निर्धार मेळावा'. दरवर्षी होतो. गट जितके, मेळावे तितके. बोर्डवर बाबासाहेबांचा फोटो कोपऱ्यात, पुढाऱ्याचा मधोमध, आणि खाली चाळीस शुभेच्छुक. निर्धार कशाचा? ते बोर्डवर नसतं. सभेतही नसतं. ३ ऑक्टोबर १९५७ ला याच नागपुरात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि दोन वर्षांत फुटला. तरीही १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीनांच्या सत्याग्रहाला लाखो माणसं उतरली, तुरुंग अपुरे पडले. तेव्हा मागणीची यादी हातात होती. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, हे शेंबड्या पोरालाही समजत होतं. आज मेळाव्यातून परतणाऱ्या पोराला विचारा, काय ठरलं? म्हणतो, "साहेब लय जोरात बोलले." जोरात बोलणं म्हणजे निर्धार नाही, दोस्तांनो. त्यानं घसा बसतो. दुसरं काही बसत नाही.

आपल्या घरातही हाच शब्द आपण दुसऱ्यावर चालवतो. पोरीनं काय शिकायचं, कुणाशी लग्न करायचं, हे "ठरलेलं आहे" म्हणून सांगणारा बाप संध्याकाळी विहारात पुढच्या रांगेत बसतो. आपल्याहून खालच्या समजलेल्या जातीचं पोरगं घरी आलं तर चेहरा बदलतो. बाविसातली प्रत्येक प्रतिज्ञा तोंडपाठ आहे, पण प्रतिज्ञा म्हणजे शेवटी ठरवणं, आणि ठरवणं म्हणजे उद्या सकाळी काही तरी वेगळं करणं.

एक मित्र म्हणाला, "तू पोरांचा धीर घालवतोस. व्यवस्था व्यवस्था करत बसलास तर पोरगं पुस्तक उघडणार नाही. निर्धार तं पाहिजेच ना बाप्पा!"

पाहिजेच. मी कुठं नको म्हटलं? आमच्या माया विडीचा कट्टा वळता वळता पोराचे पाढे ऐकायच्या, तो निर्धारच होता. त्याच्याशिवाय मी हे स्टेन्सिल कापत बसलो नसतो. पण पोराला निर्धार देताना त्याच्यासोबत नकाशाही द्या. कुठं खड्डा आहे, कुणी खणला, कोणती खिडकी किती महिने थांबवते, सगळं सांगा. नुसता निर्धार देऊन अंधारात सोडलं तर पोरगं पडतं, आणि वरून स्वतःलाच दोष देतं. माणूस पडला म्हणून मरत नाही. मीच पडण्याच्या लायकीचा, असं त्याला वाटलं की मरतो.

म्हणून हा शब्द कुठंही दिसला, बोर्डवर, पेपरात, ठरावात, मेळाव्यात, तर तीन प्रश्न विचारा. कुणी ठरवलं? कुणाला विचारून ठरवलं? आणि आपण बदलू शकतो का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं तर समजा, मक्खली गोशाल टाय लावून आला आहे.

आणि एक काम सांगतो, लहान आहे. आमच्या वस्तीत दर रविवारी विहाराच्या ओट्यावर आम्ही टेबल टाकतो. सातजण आहोत. दहावीची पोरं येतात. बारावीची वाट पाहायची नाही, तेव्हाच त्यांच्या घरचे कागद शोधायचे. आज्याचं गाव कोणतं, कोतवाल बुक कुठं मिळेल, १९५० आधीची नोंद कुणाची, अर्ज कसा लिहायचा. खिडकीनं परत पाठवलं तर कारण लेखी मागायचं. आतापर्यंत एकही भाषण झालं नाही त्या ओट्यावर. तुमच्या वस्तीत विहार असेल तर ओटाही असेल. टेबल कुणाच्या तरी घरून येतं.

डबा पाठीवर घेणारा तो पोरगा गेल्या महिन्यात एका रविवारी आला. म्हणाला, मला त्या कोतवाल बुकाचं सगळं माहीत आहे, मी सांगतो पोरांना. बसला. एका पोरीचा अर्ज त्यानं स्वतः लिहून दिला. निघताना म्हणाला, "भाऊ, यंदा मी पन फॉर्म भरतो."

मी त्याला निर्धार कर म्हणालो नाही. तो त्याच्याजवळ आधीपासूनच होता. आम्ही त्याच्या पाठीवरचा दोष तेवढा उतरवला. डबा अजून आहे. तोही उतरेल.

जयभीम.